खंडेनवमीला रॅगटाइम

१४ सप्टेंबर, रविवार
धारला जाऊन आलो. बँडवाल्या वीरेंद्रकडून रॅगटाइमच्या छापील नोटेशनची अख्खी ट्रंक उचलली. रॅगटाइम म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं अमेरिकन पियानोसंगीत. ठेका चुकल्यासारखा वाटतो, पण चुकलेला नसतो. पहिल्या आवृत्त्या फार दुर्मीळ. वीरेंद्र म्हणाला, ले जाओ भिया, अपने यां बरात में ये चलता ई नी. अडाण्याला काय कळणार!
सरला म्हणाली, पितृपक्षात नवी खरेदी करत नाहीत. म्हटलं, १९०५चा माल नवा कसा? बायकोला पटलं. निदान स्वयंपाकघरात तरी गेली.

१५ सप्टेंबर
संकल्प : रोज तासभर नोटेशन वाचायला शिकणे.

१७ सप्टेंबर
डोळे दुखतात. शिवाय संग्राहकाला वाजवता यायलाच हवं असं नाही. तिकिटं जमवणारा कुठे पत्रं टाकत बसतो?
कागद फारच पांढरा आहे. उत्तम जतन. एका प्रतीच्या मागे उभ्या काळ्या रेघांची चौकट आहे, खाली आकडे. त्या काळची नक्षी असावी. सरलेला दाखवली नाही.

१९ सप्टेंबर
कोलकात्याच्या इरावतीबाईंना ईमेल टाकला. भारतात सापडलेल्या जुन्या रॅगटाइमवर त्या पुस्तक लिहितायत. माझा संग्रह मध्य भारतातला सर्वांत मोठा, असं कळवलं. दुसऱ्या कुणाकडे नसल्यामुळे हे सत्यच आहे.

२३ सप्टेंबर
आमची कृतिका दसरा झाला की बाळंतपणाला येतेय. सरलेला तिच्यासाठी माझी खोली हवी. संग्रहाचे खोके माळ्यावर, मी बैठकीतल्या दिवाणावर! बाणेदारपणे सांगितलं, इरावतीबाईंनी संग्रह अस्सल ठरवला तर खोली माझीच. सरला लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच म्हणायला नको होतं.

२६ सप्टेंबर, दुपार
खोलीत अडकलोय. खोके घसरून दारामागे पडले, दार उघडत नाही. सरला आणि माझी थोरली बहीण अक्का टेकडीवर देवीला गेल्यात. मोबाइल बाहेर चार्जिंगला. हरकत नाही. नोटेशन शिकायला असा एकांत पुन्हा मिळणार नाही.

संध्याकाळ
झोप लागली. अक्कानं खिडकीच्या गजांतून राजगिऱ्याचा लाडू दिला. म्हणाली, विश्वास, प्राणिसंग्रहालयात आल्यासारखं वाटतंय रे. मग दोघींनी दार ढकलून मला बाहेर काढलं.

२८ सप्टेंबर
इरावतीबाई येतायत! बुधवारी इंदूरहून भोपाळला जाताना तासभर देवासला थांबणार. अतिशय आनंद झाला. उभ्या रेघांची प्रत खोक्याच्या तळाशी सरकवली. जतनासाठी.

३० सप्टेंबर
आयडिया सुचली. उद्या खंडेनवमी. संस्थानच्या काळात आमच्याकडे तलवारी पुजायचे. आता अक्का विळी, पाना आणि स्कूटर पुजते. यंदा अख्खा संग्रह पूजेत मांडायचा. घराण्याची शान दिसेल.
अक्काला नियम विचारून घेतला. पूजेत ठेवलेल्या पुस्तकांना दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. पक्कं? पक्कं म्हणाली, पण तू कधी पाळलास? यंदा पाळणार.

१ ऑक्टोबर, बुधवार
इरावतीबाई आल्या. टेकडीच्या गर्दीमुळे गाडी लांब ठेवून भर उन्हात चालत आल्या. पाटावर संग्रह, वर हळदकुंकू, झेंडू. त्या चष्मा पुसत पुढे सरकल्या. मी आडवा गेलो. नियम सांगितला. त्या म्हणाल्या, बरं, एक प्रत तुम्हीच उलटून धरा, मी लांबूनच मागचं पान बघते. म्हटलं, परंपरा आहे.
तेवढ्यात अक्का मध्ये पडली. बाई इतक्या लांबून आल्यात, मी देवीची क्षमा मागते, पाहू दे त्यांना. सरलाही म्हणाली, अहो दाखवा ना. तिघी माझ्याकडे बघत होत्या. मला भीती वाटली. कशाची ते कळलं नाही. घराण्याचा नियम मोडणार नाही, असं ठणकावून सांगितलं.
बाई चहा घेऊन गेल्या. गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत मी हात हलवत होतो. इतकं हायसं कधी वाटलं नव्हतं. तत्त्व पाळल्याचं समाधान असंच असतं.

४ ऑक्टोबर
खोली गेली. बाईंनी संग्रह खोटाही म्हटला नाही, हा मुद्दा मी मांडला. सरलेनं माझी उशी दिवाणावर टाकली.

७ ऑक्टोबर, मंगळवार
काल कृतिका आली. आज इरावतीबाईंचा ईमेल. असं परंपरा जपणारं घर पाहून त्या भारावल्यात. परत जाताना, परवा, अख्खा दिवस फक्त माझ्यासाठी राखून ठेवलाय. प्रत्येक प्रतीचे फोटो काढणार, दोन्ही बाजूंचे. अक्कानं त्यांना परस्पर जेवायलाही बोलावलंय. सरला स्वतः माळ्यावरून खोके उतरवतेय.
पंचांग तीनदा चाळलं. गुरुवारी सण नाही, व्रत नाही, ग्रहण नाही.
कृतिकेजवळ जाऊन बसलो. विचारलं, काही कळा वगैरे? नाही म्हणाली, डॉक्टरनं नोव्हेंबर सांगितलाय. मग हसली आणि म्हणाली, बाबा, आजोबा व्हायची इतकी घाई झालीय?
हो म्हणालो.