टोळांचा न धुतलेला बनियन

लार्क्सबर्ग, कॅन्सस
सप्टेंबरचा पहिला मंगळवार

प्रिय क्लेटन,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. तुझी कंबर आता वाकते का, की अजून लोरीनच तुला बूट घालून देते? तिला माझं प्रेम सांग. तिने दिलेला जर्दाळूचा जॅम संपला, बरणी धुऊन ठेवली आहे. (धुण्याचा विषय पुढे येणारच आहे, तोवर तिला सुखाने बसू दे.)

माझी तब्येत ठणठणीत आहे. आपला संघ मात्र गेला, आणि त्याची हकिगत घरच्या माणसाकडूनच तुला कळावी म्हणून बसले आहे लिहायला.

तू गाव सोडलंस तेव्हा मैदानात कमरेइतकं गवत होतं. मग ट्रॅक्टर विकणाऱ्या वेंडेल क्राउसच्या डोक्यात बेसबॉल शिरला. मोठमोठ्या संघांनी नारळ दिलेली पोरं त्याने गोळा केली आणि नाव ठेवलं 'लार्क्सबर्गचे टोळ'. गावाने नाक मुरडलं. पणजोबांची उभी पिकं खाल्ली त्यांचंच नाव लावायचं? वेंडेल म्हणाला, "अहो, निदान त्यांना कुणी हरवू तरी शकलं नाही ना!" यावर पाद्रीबुवांनीसुद्धा अख्ख्या हंगामाचं तिकीट काढलं. आणि एवढा दुकानदार माणूस, पण हिरव्या टोळाचा वेश चढवून जुलैच्या उन्हात स्वतः नाचायचा. (एकदा घेरी येऊन आडवा झाला. लोकांना तो नाचाचाच भाग वाटला, खूप टाळ्या पडल्या.) असा मालक मी दुसरा पाहिला नाही.

खेळाडूंना पगार बेताचा, म्हणून उन्हाळाभर एकेकाला एकेका घराने ठेवून घ्यायचं ठरलं. माझ्या तळघरात आला एमेट पोलास्की, आपला कॅचर. तेहतीस वर्षं उलटलेली, आणि आयुष्यभर उकिडवं बसून चेंडू झेलल्यामुळे गुडघे आपल्या आजोबांचे. सकाळी जिन्यावर ते कडकड वाजू लागले की मी तव्यावर अंडी फोडायचे. पण खेळायला लागला की काय देखणा दिसायचा, क्लेटन! नवखा गोलंदाज घाबरला की हा हळूच उठून त्याच्यापाशी जायचा, कानात काहीतरी पुटपुटायचा, आणि पोरगं हसत चेंडू टाकायचं. काय सांगतोस म्हणून विचारलं तर म्हणाला, "मावशी, तुम्ही रात्री काय रांधणार आहात ते सांगतो." दर रविवारी त्याचं एकच पालुपद, "मावशी, अजून एक हंगाम. एकच. मग गुडघे जातील तिकडे जाऊ दे."

यंदा जूनमध्ये टोळ जिंकू लागले आणि थांबेचनात. आता जिंकत असताना काही बदलायचं नसतं, हे तुला मी सांगायला नको. एमेटने अंगातला बनियन धुणं सोडलं. तळघरातल्या खिळ्याला तो टांगलेला असे, पुढेपुढे खिळ्याशिवायही उभा राहिला असता. मी रोज तेच पोर्क चॉप आणि तीच कणसं करत होते. न्हाव्याने गोलंदाजाचे केस कापायला नकार दिला. पाद्रीबुवांनी तर नोहाच्या नौकेचं प्रवचन लागोपाठ तीन रविवार दिलं आणि शेवटी प्राण्यांची नावं आम्हीच सांगत होतो. गाव एवढं एका जिवाने कधी वागलं नव्हतं.

आणि मग आमची भावजय, तुझी लोरीन, चार दिवस राहायला आली.

मी तिला दोष देत नाही. पाहुणीने तळघरात उतरून घरातले कपडे धुवावेत, इस्त्री करावी, वर लव्हेंडरची पुरचुंडी ठेवावी, यात प्रेमच आहे. एमेट बनियन दोन्ही हातांवर घेऊन वर आला. "मावशी, याला वास येतोय." मी म्हटलं, "यायचाच." तर रडवेल्या आवाजात म्हणाला, "चांगला येतोय!" त्याने तो मैदानाच्या मातीत घोळवला, वेंडेलने त्यावर ट्रॅक्टरचं तेल सांडून पाहिलं. पण त्या दिवसापासून आम्ही हरत गेलो ते हरतच गेलो.

(खरं सांगायचं तर आमच्या लीगमधले दोन संघ ऑगस्टमध्ये बंद पडले, आणि हरायलासुद्धा समोर कुणीतरी लागतं. पण हे गावात बोलायची सोय नाही. न्हावी अजून लोरीनचीच चौकशी करतो.)

शेवटच्या सामन्यात एमेटने असा फटका मारला की चेंडू कुंपणापलीकडे पेंडीच्या दुकानाच्या छपरावर. आता नुसतं मैदानातल्या चारी बेसना पाय लावत फिरायचं, पण त्या गुडघ्यांनी तो इतका सावकाश फिरला की सगळं गाव उठून उभं राहिलं, समोरच्या संघाची पोरंसुद्धा टोप्या काढून थांबली. वेंडेलने टोळाचं मुंडकं काढलं आणि ढसाढसा रडला. मीही रडले, लाजायचं काय त्यात? एका धावेने हरलो. आता मैदानात ट्रॅक्टर उभे राहणार आहेत.

तर असं आहे. एमेट मजेत आहे. मी तुझ्याकडे काहीही मागत नाही. लोरीनला तिच्या नव्या पडद्यांबद्दल शुभेच्छा.

तुझी ताई,
हेस्टर

ता. क. तुमच्या गावच्या संघाला कॅचर हवा आहे असं तू मागे लिहिलं होतंस. एमेट गुरुवारच्या बसने पोचतो आहे. तळघरात खाट टाक आणि भिंतीत एक खिळा ठोक.

आणखी ता. क. लोरीनला जिन्याखाली उतरू देऊ नकोस.

शेवटचं ता. क. एमेट मजेत आहे हे मी खोटं लिहिलं. शनिवारी त्याने तो बनियन स्वतःच्या हाताने धुतला, दोरीवर वाळत घातला आणि म्हणाला, "झालं, मावशी. आता भावाकडे छपरं शाकारायला जातो." तुमच्याकडे यायचंय हे त्याला अजून ठाऊक नाही. गुरुवारी बसमध्ये बसवताना मी सांगणार आहे. तोवर तो बनियन मी दोरीवरून काढून माझ्याच अंगात घातला आहे. पत्र इथेच थांबवते, बटाट्याचा वाफा खणून चांगला घाम गाळायचा आहे. लव्हेंडर अजून पुरतं गेलेलं नाही.