दर्याची सैर, बार्शीमार्गे

धाराशिव (सरकारी कागदावर उस्मानाबाद),
पौष वद्य ३, फसली १३५२

तीर्थस्वरूप वीरभद्रप्पा दाजींच्या चरणी अण्णारावाचे शरणार्थ. अक्काची कंबर आणि तुमचा दमा यांची खबर कळवावी. कारवारच्या हवेत तुम्ही कसे राहता देव जाणे. इकडे सगळे ठीक. आप्पांचा बसलेला आवाज पूर्ववत झाला, त्यामुळे दुकानातली शांतता संपली. नीलम्माला सातवा लागला.

पत्रास कारण तिचे डोहाळे. चिंच, कैरी यांवर भागलं असतं, तर दुकानातूनच पुरवले असते. पण ही म्हणाली, समुद्राचं पाणी खरंच खारट असतं का, ते जिभेला लावून बघायचंय. आता आमच्या घरात समुद्र पाहिलेलं माणूस म्हणजे एक अक्का, तीही तुम्हाला दिली म्हणून. तिच्या लग्नापासून मी समुद्र समुद्र करतो आहे, पण दुकान सोडून जायला आप्पांनी मला स्वतःच्या लग्नालासुद्धा नाखुशीनेच सोडलं होतं.

नेमकं त्याच आठवड्यात आमच्या मोटारसायकल क्लबाने सैर काढली. (क्लबात फटफट्या दोन आणि सभासद पाच. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही, त्यात रॉकेल मिसळावं लागतं, आणि रॉकेल आमच्या दुकानात असतं. मी सभासद कसा झालो ते यावरून ध्यानी येईल.) अध्यक्ष कचेरीतले पेशकार मुनीरुद्दीन साहेब. त्यांनी जाहीर केलं की जुम्म्याच्या सुट्टीला 'दरिया के किनारे' सैर. दर्या हा शब्द कानावर पडला आणि पुढचं मी काही ऐकलंच नाही. घरी येऊन आप्पांना सांगितलं, नीलम्माच्या डोहाळ्यासाठी दर्यावर जातो. सुनेच्या डोहाळ्याला नाही म्हणायची आप्पांचीही छाती नाही. दिवेलागणीच्या आत परत ये, एवढंच म्हणाले.

समुद्रावरून दिवेलागणीला घरी, हे मलाही जरा नवल वाटलं. तुम्हाला कारवारहून यायला दोन दिवस लागतात. पण तुम्ही आगगाडीने येता, फटफटीची गोष्ट वेगळी, अशी मी मनाची समजूत घातली. पेशकार साहेबांच्या साइडकारमध्ये मी, रॉकेलचा डबा आणि मांडीवर रिकामी बाटली, असे आम्ही येडशीचा घाट उतरलो. बार्शीच्या अलीकडे करोडगिरीच्या नाक्यावर शिपायाने बाटलीचा वास घेऊन विचारलं, "ह्यात काय आननार?" म्हटलं, दर्याचं पाणी. त्याने बाटली परत माझ्या मांडीवर ठेवली आणि जकात न घेता सोडलं. बार्शी इंग्रजी मुलखात, आणि समुद्र इंग्रजांचा असं ऐकून होतो, म्हणून मला धीर आला. पण बार्शी सोडून गाड्या पुन्हा मोगलाईत परंड्याकडे वळल्या. (निजाम सरकारनेही स्वतःपुरता थोडा समुद्र राखून ठेवला असेल, असं मी धरून चाललो.)

परंड्यापुढे गाड्या थांबल्या आणि पेशकार साहेब हात पसरून म्हणाले, "लो मियाँ, ये रहा दरिया!" समोर सीना नदी. गुडघाभर पाणी, चार म्हशी, पलीकडे लुगडी धुणाऱ्या बाया. पण ओहोटीला समुद्र मागे जातो, असं तुम्हीच एकदा लिहिलं होतं. म्हटलं, गेला असेल. मंडळी जेवून आडवी झाली आणि मी तासभर वाळूत भरतीची वाट बघत बसलो. म्हशीवाल्या म्हाताऱ्याला विचारलं, भरती कधी येते. तो म्हणाला, "आखाडात येती की! लई येती. औंदा माझं खोपाट नेलं." शेवटी दुसऱ्या फटफटीचे मालक, बलभीमराव वकील, त्यांना माझी दया आली. "अण्णाराव, उर्दूत दरिया म्हणजे नदी हो. तुमचा दर्या मराठीतला." दाजी, मी सातवीपर्यंत उर्दूतूनच शिकलो आहे. पण समुद्राची हौस असली की माणूस मराठीत ऐकतो. सगळे पोट धरून हसले. मला मात्र फार वाईट वाटलं. बायको पहिलटकरीण, दारात वाट बघत उभी असणार. मी बाटली सीनेत बुडवून भरून घेतली.

घरी आधी दुकानाच्या मागल्या दाराने शिरलो आणि बाटलीत दोन चमचे मीठ घातलं, शंका नको म्हणून आणखी एक. नीलम्माने थेंब जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं बाई, व्हय की! खारटच हाय. अन् दिसतो कसा हो?" मी म्हणालो, मोठा आहे. म्हशी नसतात.

तेव्हापासून गल्लीतल्या बाया ते पाणी थेंबथेंब मागून नेतात. शेजारच्या लक्ष्मम्माचा खोकला त्याने थांबला, यावर माझ्याकडे इलाज नाही. डोहाळजेवणाला नीलम्माचे काका गुंडाप्पा येणार आहेत. ते दरसाल गोकर्णाला जातात आणि समुद्राविषयी फार बोलतात. तरी चिंता नसावी, आम्ही मजेत आहोत. अक्काला शरणार्थ, मुलांना आशीर्वाद.

आपला,
अण्णाराव

ता. क. : सोलापूरकडे येणाऱ्या कुणाबरोबर खऱ्या समुद्राची एक बाटली आणि चार शिंपले ताबडतोब पाठवावेत. समुद्र कसा दिसतो तेही दोन ओळींत लिहा. पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाकावं.

ता. क. दुसरा : पाकीट नीलम्माच खळ लावून चिकटवणार आहे. तिला वाचता येतं, पण दुसऱ्याचं पत्र ती कधी वाचत नाही.

दाजींना नीलम्माचे शरणार्थ. पाणी धाडू नका. आपल्याच दुकानातलं मीठ हाय ते, तळाला अजून खडे हायेत. मला चिंच सोडून कसलेच डोहाळे न्हाईत. आप्पांनी यांना दुसऱ्या कशाला सोडलं नसतं, म्हणून म्या तसं म्हणलं. यांनी तासभर वाळूत वाट बघितली हे वाचून मला रडू आलं. तुम्ही काहीबी कारण काढून आप्पांच्या नावानं तार करा अन् यांना बोलावून घ्या, डोहाळा दुसऱ्यांदा चालायचा न्हाय. परत आले की म्या पुन्हा इचारीन, कसा दिसतो म्हणून. या वेळी त्यांना खरं सांगू द्या.