यंदा कुणी कुणाला काही द्यायचं नाही

९ डिसेंबर

आणि म्हणे मी कंजूष! ऱ्होडा म्हणाली, फोनवर, आईला ऐकू जाईल असं. धाकटी बहीण, सतरा वर्षांची, स्वतःच्या कमाईचा एक डॉलर अजून पाहिला नाही — ती मला शिकवणार. ऑक्टोबरात घरी होतो तेव्हा टेबलाशी बसून तिघांनी मिळून ठरवलं होतं की नाही? यंदा नाताळला कुणी कुणाला काही द्यायचं नाही. हातमोजे नाहीत, चॉकलेटचा डबा नाही. वाचेल ते सगळं घराच्या कर्जात. बँक वर्षातून एकदाच मुद्दलावर जास्तीचे पैसे घेते, ३१ डिसेंबरच्या आत. बाबांनी खेकड्यांच्या बोटीसाठी घर गहाण टाकलं. बोट विकली, बाबा गेले, गहाण तेवढं राहिलं. हे दर वेळी मीच आठवण करून द्यायची का?

उणे एकतीस. दिवसभर तेलाच्या गोठलेल्या पाइपांवर वाफ मारली.

१२ डिसेंबर

वीस तारखेपासूनची माझी सुट्टी दुसऱ्याला देऊन टाकली. नाताळात इथेच, अल्बर्टात, राहिलं की दुप्पट पगार.

आईला सांगितलं. आधी तारीख पुन्हा विचारली. मग म्हणाली, "सेल्बी, तू आलास तर ती भेट धरू नकोस रे. तू काय कागदात गुंडाळून येणार आहेस?"

मी म्हटलं, तिकिटाचे चौदाशे, म्हणजे घराचे दोन हप्ते. हिशेब बरोबर होता. नववीत शाळा सोडली म्हणून काय झालं, एवढं येतं मला.

मग ती वाऱ्याचं बोलायला लागली. वारा ईशान्येचा, लाकडं ओली. म्हणजे रागावलेली नाही. दुखावलेली.

१३ डिसेंबर

पुन्हा फोन करणार होतो. केला नाही.

१९ डिसेंबर

मुकादम लिअँडर आमच्याच किनाऱ्याचा, मासळीचा धंदा बसला तेव्हा इकडे आलेला. जेवताना त्याला आमचा करार सांगितला. वाटलं, पाठ थोपटेल. तो पाव मोडत म्हणाला, "माझ्या घराचं कर्ज अकरा वर्षांपूर्वीच फिटलं, पोरा. आत कुणी नसतं, किल्ली शेजाऱ्याकडे असते."

म्हातारा काहीही बोलतो.

२५ डिसेंबर

टर्की होती, रबरासारखी. दुप्पट पगार.

घरी फोन लावला. आई म्हणाली सगळं छान आहे, केक चांगला झाला, झाडाखाली मोकळंच बरं वाटतं, झाडायला सोपं. हे ती हसत म्हणाली. मीही हसलो. का हसलो?

उद्यापासून तिकडे घरोघर सोंगं निघतील. नाताळचे बारा दिवस. तोंडावर उशीची खोळ, पुरुष झगे घालून, बायका नवऱ्यांचे रबरी बूट घालून — तेही डाव्याचा उजव्यात. श्वास आत ओढत बोलायचं, म्हणजे आवाज कळत नाही. घरच्यांनी ओळखलं की खोळ काढायची, मग केक आणि लाल सरबत. आईसारखं ओळखणारं अख्ख्या खाडीत कुणी नाही. मी दहा वर्षांचा असताना पाठीवर उशी बांधून कुबड केलं होतं, तरी म्हणाली, या कुबडाला सकाळी मीच आंघोळ घातली.

२८ डिसेंबर

ऱ्होडाचा फोन, जेवणाच्या सुट्टीत. भांडायला नाही. रडत होती.

परवा सोंगं आली, पाच जण. त्यांत शेजारचा पोरगा, गार. त्याला ऱ्होडानेच माझा जुना नारिंगी मासेमारीचा कोट दिलेला, खुंटीवरचा. गंमत म्हणून. गार माझ्याच उंचीचा, आणि खांदा पाडून चालला माझ्यासारखा — त्याला माझी नक्कल शाळेपासून येते.

आई चुलीपाशी होती. वळली. बाकीच्या चौघांकडे पाहिलंही नाही.

"आलास ना शेवटी," म्हणाली. "मला माहीत होतं."

आणि स्वतःच्या हाताने खोळ काढली. असं कुणी करत नाही, ज्याची त्यानेच काढायची असते.

गार म्हणे रडायलाच आला. आई हसली. त्याला सगळ्यांत मोठा तुकडा दिला केकचा. मग लाकडं आणते म्हणून पडवीत गेली, ती सोंगं जाईपर्यंत आलीच नाही. लाकडं घरात होती, सेल्बी, ऱ्होडा म्हणाली. पेटी भरलेली होती.

काल दुसरी सोंगं आली. आईने कुणालाच ओळखलं नाही. ओळखायला बसलीच नाही. म्हणाली, मी नाही ओळखत बाबांनो, काढा खोळी, केक खा. त्यांत तिची सख्खी बहीण होती.

ऱ्होडा म्हणत होती, चूक माझी, मी कोट दिला.

कोटाची नाही चूक. ऑक्टोबरात मी टेबलावर मूठ आपटून बोललो होतो. 'तिघांनी ठरवलं' असं वर लिहिलंय. एकट्याने ठरवलं. आईने फक्त बशा उचलल्या होत्या.

२९ डिसेंबर

लिअँडरकडे गेलो, सुट्टी मागितली. नवीन वर्षाचा दुप्पट पगार जाईल, म्हणाला. जाऊ दे म्हटलं. त्याने कारण विचारलं नाही. नुसती सही केली.

३० डिसेंबर

पाच तारखेला पोचतो. सहाला सोंगं संपतात. ऱ्होडाला सांगितलंय, तोंड उघडू नकोस. खोळ घालणार नाही. बूट ज्याचा त्या पायात. आईला पुन्हा ओळखायला लावायचं नाही.

साठलेले ३१५०. तिकीट आता चौदाशेचं राहिलं नाही, २४८०. विमानतळापासून खाडीपर्यंत गाडीचे २५०.

बँकेला पाठवतोय: ४२० डॉलर.