सेतूचा शताभिषेक आणि माझं वय

२ फेब्रुवारी
कॉलेजच्या ग्रुपवर सेतूची बातमी. ऐंशी पुरी झाली, तिरुनागेश्वरमला शताभिषेक. म्हणजे सहस्रचंद्रदर्शन, बायकोच्या गळ्यात पुन्हा ताळी-मंगळसूत्र, वर जेवण. बॉटनीत दोनदा आपटलेला माणूस! आणि चंद्र काय, कुणालाही दिसतो.
वर्गातली पंकजा बेंगळुरूहून येणार. तिने लिहिलं, सेतू, तू अजून तस्साच. मी डीपी बदलून आठवडा झाला. एक अंगठा नाही.
असो. माझा पुढच्या वर्षी. याच्या दुप्पट करायचा. श्रीदेवीने त्यासाठी तिरुभुवनमची रेशमी साडी आत्ताच घेऊन ठेवली आहे. लग्नानंतर स्वतःसाठी मागितलेली पहिलीच वस्तू म्हणे. बायका वाढवून सांगतात.

५ फेब्रुवारी
झोप नाही. शताभिषेकाला वयाने लहान असतील त्या सगळ्यांनी जोडप्याला साष्टांग नमस्कार घालायचा. सेतू माझ्याहून जवळजवळ वर्षाने मोठा. म्हणजे पंकजेसमोर मी सेतूच्या पायांशी पालथा. गुडघ्यांचं निमित्त सांगणार होतो, पण मागच्याच महिन्यात ग्रुपवर माझ्या सूर्यनमस्कारांचा व्हिडिओ टाकला आहे.

६ फेब्रुवारी
तोड सापडली. ग्रुपवर लिहिलं, शाळेत घालताना वडिलांनी वय कमी लावलं होतं, खरा मी ब्याऐंशीचा. आमच्या पिढीत घरोघरी हेच. कुणीही शंका घेतली नाही. थोडी घ्यायला हरकत नव्हती.
मत्सर वगैरे नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. श्रीदेवीला बोललो नाही, ती ग्रुपवर नाही.

१६ फेब्रुवारी
सकाळी विजय. शास्त्र्यांनी वडीलधारे कोण म्हणून विचारलं, सगळ्यांनी मला पुढे ढकललं. सेतू सपत्नीक माझ्या पायांवर. डोळे भरून पाहिलं.
मग अख्ख्या वर्गालाच माझा आशीर्वाद हवासा वाटला. रांग लागली. रांगेत पंकजा. कॉलेजात हरि म्हणायची. आज वाकून म्हणाली, "मामा, आशीर्वाद करा."
जेवायला ती सेतूशेजारी. हसणं माझ्यापर्यंत ऐकू येत होतं. मी म्हाताऱ्यांच्या पंगतीत, पानात मऊ दहीभात. सांबाराची बादली माझ्या पानावरून तशीच पुढे गेली, मला सोसणार नाही म्हणे. तंजावरच्या मराठ्याला सांबार सोसत नाही!
हात धुताना पंकजाने विचारलं, "मामा, तुमचा शताभिषेक कधीं झाला? आम्हांस बोलावलं नाहीं कीं."
मी म्हटलं, घरच्या घरी उरकला.
श्रीदेवी मागे तांब्या घेऊन उभी होती.

१७ फेब्रुवारी
श्रीदेवीला म्हटलं, पुढच्या वर्षी ग्रुपला न कळवता करू, त्यात काय. शास्त्र्यांना फोन केला. ते म्हणाले, ब्याऐंशीला कसला शताभिषेक, मुहूर्त केव्हाच टळला. आमच्या घरचं सगळं तेच करतात, आणि काल मंडपात माझं वय त्यांनीच माइकवरून सांगितलं होतं.
ग्रुपवर फोटो आले. सेतू माझा मुलगा दिसतो.

१८ फेब्रुवारी
श्रीदेवी तिरुभुवनमची साडी नेसून भाजीला निघाली. मी विचारलं, आज ही कशाला?
"ठेवून काय कराचं," म्हणाली.
मी पिशवी घेऊन मागोमाग गेलो. तिने एकदाही वळून पाहिलं नाही. साडी तिला शोभत होती.