पेटी माझ्या मागे मागे

३ जुलै, गुरुवार
कानाचं मशीन आलं. दोन्ही कानांत, शेंगदाण्याएवढं. श्रीधर म्हणतो, "आई, आता टीव्ही शेजारच्यांसाठी लावायचा नाही." आईची थट्टा करताना लेकाला कधी दम लागत नाही. फ्रिज इतका बडबड्या आहे हे मला आजच कळलं. रेवा, माझी नात, पाठीमागून हळूच काही म्हणाली आणि मी चटकन उत्तर दिलं, तर पोरगी रडायलाच लागली. वेडी कुठली. मीही जरा... असो.

५ जुलै, शनिवार
रेवाच्या मोबाइलवरचा तानपुरा लावून पाहिला. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा! डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं, मशीन बोलणं ऐकण्यासाठी असतं, गाण्याची सवय व्हायला वेळ लागेल. किती, ते नाही सांगितलं. मशीन काढलं की गाणं गोड लागतं, पण माणसं मुकी होतात. जन्मभर गाण्यावर जीव टाकला आणि आता ही निवड.
देवापुढे मशीन काढूनच बसले.

८ जुलै, मंगळवार
भजनाला मशीन घालून गेले. मंडळात सगळ्यांत जुनी मी, म्हणून सूर मी लावायचा आणि बाकीच्यांनी घ्यायचा, ही आमची पद्धत. काळी चारची पट्टी धरली. दुसऱ्या कडव्यापर्यंत येते तो पेटी पांढरी पाचवर उतरली, मग काळी तीनवर. पेटीवर सुलभा असते. नेहमीसारखं टोकलं, "सुलभा, पेटी पळवू नकोस."
"हो माई."
मग मागून कुसुमची कुजबूज. मशीन नसतं तर ऐकूही आली नसती. "पेटी कुठे पळते? माईंच्या मागे धावते बिचारी."
पुढचं भजन काय झालं, आठवत नाही.

९ जुलै, बुधवार
रेवाला समोर बसवलं. मोबाइलचा तानपुरा एका पट्टीवर लावला, मी गायले. "खरं सांग."
"आजी, तू ना... हळूहळू खाली येतेस."
"कधीपासून?"
"मागच्या गोकुळाष्टमीला तरी येत होतीस."
म्हणजे वर्षभर मी सुलभाला रागावतेय आणि ती "हो माई" म्हणतेय! लाज वाटली. त्याहून जास्त राग आला. दया करतात माझ्यावर? शाळेत पिढ्यान् पिढ्या मुलींना सा लावायला शिकवला मी. ह्यांच्या फोटोकडे बघून म्हटलं, बरं झालं तुम्ही नाही आहात. लगेच दोन्ही कान धरले.

१५ जुलै, मंगळवार
भजनाला नाही गेले. गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे.

१९ जुलै, शनिवार
सुलभा आली, परसातला गवती चहा घेऊन.
"माई, गोपाळकाल्याला शेवटचं भजन तुमचंच."
"मी गाणार नाही. सगळं कळलंय मला."
"मग काय करायचं होतं मी? सगळ्यांसमोर थांबवायचं तुम्हाला?"
"हो. थांबवायचं होतंस."
"ते मला नाही जमणार. पेटीला पहिल्यांदा हात तुम्ही लावू दिलात मला."
चहा तसाच राहिला. दारापर्यंत सोडायलाही उठले नाही मी. आज मीच मला आवडले नाही.

२ ऑगस्ट, शनिवार. नामपूर
माहेरी आले, कानबाई देवीच्या सणाला. श्रीधर गाडी देत होता, मी एस्टीनेच आले. सटाण्याच्या पुढे कांद्याचा वास सुरू झाला की मला माहेर आल्यासारखं वाटतं.
दादा गेल्यावर घर वहिनीच बघते. घर आता सिमेंटचं, देवघर मात्र होतं तिथेच. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची कानबाई चौरंगावर बसवायची, साडीदागिने घालायचे, बायकांनी गाणी म्हणायची. ही गाणी आईची. तिने वहिनीला दिली, सून म्हणून, आणि मला, लेक म्हणून. मी नाशिकला जाऊन शास्त्रीय शिकले आणि ह्या गाण्यांना मनातल्या मनात गावठी म्हणत राहिले.
वहिनी अंगणातच भेटली. "उनी का वं माय? बठ. औंदा तूच म्हन. मना दम पुरत नही."
म्हटलं, वहिनी, माझा सूर गेलाय.
हसली. "कानबाई काय पेटी लिसन बठेल शे का?" खरंच, देवी कुठे पेटी घेऊन बसते!

३ ऑगस्ट, रविवार. नामपूर
संध्याकाळी कानबाई बसली. मशीन काढून डबीत ठेवलं. वहिनीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी सुरू केलं. स्वतःचा आवाज मला जेमतेम येत होता. बायकांचा तर नाहीच. फक्त ओठ हलताना दिसत होते. वहिनीचा हात ठेका धरत होता, आणि छातीत काहीतरी घुमत होतं. पट्टी कोणती? देवीला ठाऊक.
मधेच कधीतरी माझं लक्ष माझ्यावरून उठलं. नीट लिहिता येत नाही. जन्मभर गाताना मी स्वतःला ऐकत आले, बरं झालं का, कोणाला आवडलं का. आज ऐकणारी तिथे नव्हतीच. नुसतं गाणं होतं, आणि आई होती. आई दिसली वगैरे नाही. होती. इतकी वर्षं पोथ्या वाचल्या, जप केले, तेव्हा एकदाही असं...
डोळे पुसले तेव्हा वहिनीही पुसत होती. म्हणाली, "तुना आवाज तुनी मायसारखाच शे."
कानबाईचा रोट, तिचा प्रसाद, घरच्यांनीच खायचा. लग्न झालेल्या लेकीला तो नाही, आमच्याकडे तरी. दरवर्षी ते मला टोचायचं. आज रोटाची आठवणही नाही झाली, भाजीभाकरी पोटभर जेवले.

४ ऑगस्ट, सोमवार
सकाळी कानबाई डोक्यावर घेऊन नदीला. मी काठावरून हात जोडले. परतीच्या एस्टीत गुणगुणत होते बहुतेक, कारण पुढच्या सीटवरची बाई वळून हसली. मोठ्याने असणार!

१२ ऑगस्ट, मंगळवार
भजनाला गेले. सगळ्यांदेखत सुलभाला म्हटलं, "पेटी तू नाही पळवलीस. मी पळत होते." कुसुमने उगीच सतरंजी झटकली. सुलभा रडकी आहे, ठाऊकच होतं.
काल्याचं भजन मी म्हणणार. मात्र मला सांभाळायचं नाही, हे बजावलं. मी उतरले तर उतरू दे, पेटीने काळी चार सोडायची नाही.
"माई, फार वाईट वाटेल ऐकायला."
"कोणाला?"
तिने पेटीचा भाता लावला. "हो माई" मात्र म्हणाली नाही.

१६ ऑगस्ट, शनिवार
दुपारी काला. हिरवी इरकली नेसले. रेवा म्हणते, "आजी, मशीन घातलंस तर कुठे उतरतेस ते कळेल, सावरता येईल." खरंय. पोरगी शहाणी आहे. पण मशीन घातलं की मी पुन्हा मलाच ऐकत बसणार. आणि नाही घातलं, तर सुलभाची पेटी काळी चारवर एकटी उभी आहे की सगळं बजावूनही माझ्यामागून येतेय, ते मला कधीच कळणार नाही. मघाशी फोन केला तिला, शपथ घालायला. घातली नाही. नुसतं विचारलं, जेवलीस का.
खाली रिक्षा आलीय. मशीनची डबी मुठीत आहे.