फरशीचं कोण बोललं

आबा, हे लिहायचं मी किती वर्षं टाळलं ते मलाच ठाऊक. वही नवापूरला घेतली होती, पोल्ट्रीवर कामाला होते तेव्हा. तिच्या पहिल्या पानांवर सुरतेच्या गाड्यांच्या वेळा आहेत, मग शेडवरच्या एका बाईनं शिकवलेली मेंदीची वेल, मग दोन पानं नुसती कोंबड्यांची चित्रं. कोंबडी एका डोळ्यानं बघते, मान वाकडी करून. भाषण ऐकताना तूही तशीच मान करायचास, म्हणून ती चित्रं काढत बसले आणि पत्र राहून गेलं. आपल्या अहिराणीत बापाला तू म्हणतात, तर इथंही तूच म्हणते. शाळा आठवीत सुटली, लिहिताना चुकलं तर सोडून दे.

तू बैलांना नाल ठोकायचास. हिवाळ्यात इथं ब्राह्मणपुरीकडे उसाच्या गाड्यांचे बैल, उन्हाळ्यात तोरणमाळच्या घाटाखालचे पाडे. फिरून फिरून तुला पाड्यांवरची पावरी बोली आली, मागे मागे फिरून मलाही आली. आणि त्या बोलीपायी दर निवडणुकीला दारात जीप यायची. आपली जागा राखीव, उमेदवार आदिवासीच, पण खालच्या गावांतला, त्याची बोली वेगळी. त्याच्यासोबत येणारा मोठा पाहुणा तर पुस्तकातलं मराठी बोलायचा. त्यांचं पावरीत करून सांगायला माईकजवळ तू. एका घरातला बाप निवडणुकीला उभा राहिला, मग त्याचा मुलगा, मग पुतण्या काकाच्या विरोधात. जीपवरचे झेंडे बदलले. एकदा मतदारसंघाची हद्दच सरकली, पाडा होता तिथंच राहिला आणि आमदार दुसरा झाला. सगळ्यांचे बिल्ले तू मला आणून द्यायचास, बिस्किटांच्या डब्यात अजून आहेत. झाकण उघडलं की सगळे एकमेकांना टाचण्या टोचत बसलेले असतात.

डोळे मिटले की नाल्यापलीकडच्या पाड्यावरची एक सभा येते. मोहाखाली सावली, तिच्यात पाडा बसलाय, बायकांच्या मांडीवर पोरं झोपलीत. पाहुणा बोलतोय, राज्याचं, देशाचं, बोलता बोलता त्याचा आवाज डोंगरावर जाऊन परत येतोय. तू मान वाकडी करून ऐकतोस, मग माईक घेतोस आणि चार वाक्यांत सगळं संपवतोस. चौथं वाक्य असं की, पुढच्या पावसाळ्याआधी तुमच्या नाल्यावर फरशी बांधून देईन, गाडीबैल पाण्यावरून जाईल अशी. टाळ्या पडतात. पाहुण्याला वाटतं आपल्यालाच, तो हात जोडतो. मी तुझा सदरा ओढते, "आबा, तो फरशीनं बोलनाच नही." तू माझ्याकडे न बघता म्हणतोस, "चूप बठ. त्याले काय बोलानं व्हतं ते त्याले समजनं नही. मी बोलनू."

पुढच्या निवडणुकीला दुसरा झेंडा आला, तेव्हाही फरशी. त्याच्या पुढच्यालाही. नाल्यावर कधी एक पाटी सिमेंट पडलं नाही. तो पाडा दर वेळी तुझ्या तोंडाकडे बघून मत द्यायचा आणि दर पावसाळ्यात तीन-चार महिने नाल्याअलीकडच्या जगापासून तुटायचा. मला तुझी लाज वाटायला लागली होती. तेवढ्यात तू गेलास, ऐन श्रावणात. दहाव्याला खालची सगळी गावं आली. शेजारच्या काकूनं आईला ऐकवलंच, "आख्खा पाडा तुन्हा मानूसले ओयखस म्हने, मंग एक बी कसा उना नही?" मी मनात म्हटलं, खोटारड्याच्या दहाव्याला कोण येणार? ते वाक्य घेऊन मी घर सोडलं आबा. नवापूर, सुरत, मधे एका सर्कशीच्या तंबूबाहेर कणसं भाजत महिनाभर, ते पुन्हा कधी सांगेन.

यंदा घरी आले आणि चार दिवसांत जीप दारात. "चाल बहीन, तुन्हा बापनी जागा शे." मी गेले, पण मनात एक ठरवून. उमेदवार बोलेल तेवढंच सांगायचं, एक शब्द जास्त नाही. मोह तोच, सावली तीच. उमेदवार तरुण, गॉगलवाला. तो बोलला, मी जसंच्या तसं पावरीत केलं. एक टाळी नाही. मग पाड्याचा म्हातारा कारभारी काठी टेकत उठला आणि म्हणाला, "फरशीचं?" मी पावरीत सांगून टाकलं, सगळ्यांसमोर, की फरशीचं हा बोलला नाही, आजवर कुणीच बोललं नाही, ते माझा बाप पदरचं घालायचा.

कुणी दचकलं नाही. कारभारी पावरीतच म्हणाला, "माहीत आहे पोरी. बाजारात तुमचीच बोली बोलतो आम्ही. ते सोबत तुझ्या बापाला आणायचे, म्हणून आम्ही ऐकून घ्यायचो. त्यांच्या तोंडासमोर आमची फरशी मागणारा तो एकटा होता. टाळ्या त्याला होत्या."

मी ओरडले, "मग त्याच्या दहाव्याला एक माणूस का नाही आला?"

त्यानं काठी नाल्याकडे केली. "पाणी होतं. तीन दिवस काठावर बसलो. तुझ्या बापानं नाल ठोकलेला बैल पुढं घातला, तोही उतरेना."

आबा, मी तो नाला बघत राहिले. सुकलेला, नुसते गोटे. एवढासा.

मागून उमेदवार विचारतोय, "काय म्हनी ऱ्हायना तो बाबा?" माझ्या हातात माईक, आणि माझी मान आपोआप वाकडी झाली. मी म्हटलं, "तुम्ही फरशीनं बोलनात ते बाबाले आवडनं."

"मी कधी बोलनू?"

"आत्तेच. समदास्नी ऐकं."

कारभाऱ्यानं पहिली टाळी दिली. मग पूर्ण पाडा. पोरांनी मोबाईल वर धरले. उमेदवारानं गॉगल काढला, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि माईक ओढून स्वतःच्या तोंडानं म्हणाला, "हा, बांधसूत. फरशी बांधसूत." ते मला पावरीत करायची गरजच पडली नाही.

बांधेल की नाही, मला ठाऊक नाही. पण या वेळी शब्द तुझा नाही, त्याचा आहे. हे तुला कळवायचं होतं, आणि कळवायचा पत्ता नाही, म्हणून हे पान वहीतच राहील, मेंदीच्या वेलीच्या मागे. एक सांगायचं राहिलंय. गावोगाव कुणी विचारलं, बाप काय करायचा, तर मी नालबंद म्हणत नव्हते. खोटं बोलायचा म्हणायचे, आणि लोक हसले की मीही हसायचे.

थांबते. अंगणात कुणीतरी आलंय, आई भांडं घेऊन धावली. कारभारी आहे. सोबत पाड्यावरची पाच-सहा माणसं, एकाच्या डोक्यावर मोराचं गाठोडं. मोराचं नाही, मोराच्या रंगाच्या लुगड्यात ज्वारी बांधलीय. पाय धुताना तो आईला म्हणतोय, चांगल्या स्वच्छ अहिराणीत, "उशीर व्हयना वहिनी. नालाले पानी व्हतं."