अण्णांची ड्यूटी

अण्णा, आईला मी एका ठिकाणी ठेवलंय आणि तिथल्या फाटकाला कुलूप असतं. पहिल्याच दमात सांगून टाकलं, कारण आडपडदा तुम्हाला खपायचा नाही. तुम्ही जन्मभर जेलचे शिपाई. येरवड्याच्या क्वार्टर्समध्ये दिवेलागणीला सगळ्यांची दारं लागायची, आपलं मात्र झोपेपर्यंत सताड उघडं. "दिवसभर कुलपंच लावतो, घरी तरी नको," म्हणायचात. मांजरं यायची, शेजारची पोरं यायची, एकदा तर कुणीतरी तुमच्या चपलाच नेल्या. आई कुजबुजली, "जेलच्या शिपायाच्या घरी चोरी! बोलू नका हो कुठं." आणि तुम्ही जिन्यात उभं राहून अख्ख्या इमारतीला ओरडून सांगितलंत. आपण तिघं पोट धरून हसलो होतो.

आईचं विसरणं आधी माझ्या लक्षातच आलं नाही. मी खराडीला आयटीत, सकाळी जाणार ती अंधार पडल्यावर येणार. भाजीत दोनदा मीठ पडलं की मी म्हणायचे, वय झालं. मग एका दुपारी ऑफिसात फोन आला. आई तुमचा डबा घेऊन जेलच्या गेटवर उभी होती. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, क्वार्टर सोडूनही तितकीच, आणि ही भर उन्हात अनवाणी चालत गेली. गेटवरच्या पोरसवदा शिपायानं तिला सावलीत बसवलं, पाणी दिलं, तिच्या पाकिटातल्या माझ्या कार्डावरून फोन केला. मी पोचले तर ती माझ्यावरच उखडली. "गाडीतून हिंडतेस, बापाचा डबा पोचवायला होत नाही?" डबा उघडून बघितला तर त्यात नुसतं कोरडं पीठ.

त्यानंतर मी दाराला वर कडी बसवली, तिचा हात पोचणार नाही इतकी वर. तुमच्या फोटोसमोरच. दिवसाची बाई ठेवली, ती गेली, दुसरी आली, ती म्हणाली, "ताई, आजी चावतात हो." आई आतून दार बडवायची, "अगं उघड, त्यांची ड्यूटी सुटली असेल." खालच्या मजल्यावरचे गृहस्थ एकदा म्हणाले, "अहो मॅडम, आमचंच दार वाजतंय म्हणून चहा टाकला होता, पाहुणे काही आले नाहीत." पुणेरी माणूस, तक्रारसुद्धा सरळ करणार नाही. पण ज्या दिवशी तिनं बाल्कनीच्या कठड्यावर पाय टाकला, त्या दिवशी मी तिला कमरेला धरून आत ओढलं. दुसऱ्या दिवसापासून अशा माणसांना सांभाळणाऱ्या जागांची शोधाशोध सुरू केली. मावशीचा फोन आला, "एवढं शिकवलं तुला बापानं, ते आईला टाकायला?" मी म्हटलं, "मग ये ना, महिनाभर राहा हिच्याजवळ." मावशीचे गुडघे लगेच दुखायला लागले. राग आला, पण तिचं ते 'टाकायला' अजून खुपतं, अण्णा.

एका जागी नुसता टीव्ही चालू आणि समोर सगळे पेंगलेले. दुसरीकडं संगमरवरी फरशी आणि सगळ्यांना ढकलखुर्चीत बसवलेलं. ही तिसरी जागा घेतली, कारण आतलं एकही दार बंद नव्हतं. खोलीतून व्हरांडा, व्हरांड्यातून बाग, माणसं आपली फिरतायत, कुणी अडवत नाही. कुलूप फक्त फाटकाला. तुम्हाला एवढं तरी चाललं असतं, असं मी धरून चालले.

पहिल्या दिवशी ती रडेल, मला बिलगेल, म्हणून मी धास्तावले होते. तिनं फाटक बघितलं, खाकीतला वॉचमन बघितला, आणि पदर सारखा करून त्याला विचारलं, "आमचे हे आतच आहेत ना?" तो म्हणाला, "आहेत की आजी. ड्यूटीवर आहेत." मी तिची पिशवी त्याच्या हातात दिली. तुम्ही गेलात असं घरी सांगितलं की ती प्रत्येक वेळी नव्यानं ऐकायची आणि नव्यानं हंबरडा फोडायची. आता ती शांत असते. संध्याकाळी बुद्धवंदना म्हणते, एक शब्द चुकत नाही. जेवणातली अर्धी चपाती रुमालात बांधून वॉचमनकडं देते. तो दोन्ही हातांनी घेतो, "पोचवतो" म्हणतो. मी रविवारी जाते तर मला विचारते, "कुणाच्या मुलाखतीला आलात?" तुमचीच जेलची भाषा, कैद्याला भेटायला येणं म्हणजे मुलाखत. मी म्हणते, तुमच्याच. लाजल्यासारखी हसते. ऊन उतरलं की म्हणते, "आता नीघ बाई. घरी तुझी आई वाट बघत असेल."

मी निघते. घरच्या दाराची ती वरची कडी आता काढून टाकली आहे आणि झोपेपर्यंत दार उघडं ठेवते, तुमच्यासारखं. सोसायटीनं खाली पाटी लावली, 'दारे बंद ठेवावीत, कबुतरे येतात.' येऊ देत. कबुतरंसुद्धा येत नाहीत.

लोक म्हणतात, किती करते आईचं, एक रविवार चुकवत नाही. तुम्हाला म्हणून सांगते, मी नुसती तिच्यासाठी जात नाही. सबंध पुण्यात तेवढ्याच एका आवारात तुम्ही अजून आहात. गेल्या रविवारी निघताना कुणी आसपास नाही बघून मी वॉचमनला हळूच विचारलं, "अण्णा सुटले का?" तो हसला नाही. "नाही ताई," म्हणाला, "आज त्यांची डबल आहे."

हे पत्र त्याच्याकडं दिलं तर घेईल तो दोन्ही हातांनी, पोचवतो म्हणेल. आणि मी खरंच उत्तराची वाट बघत बसेन. म्हणून देत नाही.